ब्रिक लेनवरचा रविवार

लंडनहून परतलेल्या मनुष्यास आपल्याकडे प्रथम विचारले जाते, ते राजवाडा पाहिला का. आणि लगेच दुसरे, खाण्यापिण्याचे कसे झाले? राजवाडा पाहिला. खाण्याचे उत्तम झाले. जून महिन्यात तेथे सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या सुमारास होतो. त्यामुळे रात्रिभोजनाचा नियम असलेल्या आमच्या सौभाग्यवतींना हिंगणघाटपेक्षा लंडनमध्येच अधिक सवड मिळाली. परंतु ज्या गोष्टीविषयी कोणी विचारले नाही, तीच सांगावीशी वाटते. एका रविवारी आम्ही पूर्व लंडनच्या गल्ल्यांतून एका मार्गदर्शिकेसोबत अडीच तास पायी हिंडलो.

माझा पुतण्या गेली सहा वर्षे लंडनच्या पूर्व भागात इलफर्ड येथे राहतो. संगणक क्षेत्रात नोकरी आहे, सूनबाईही नोकरी करतात. आम्ही उभयता त्यांच्याकडे तीन आठवडे मुक्कामास होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी थोरल्या बंधूंचा निरोप घेण्यास मी हिंगणघाटच्या कापड ओळीतील आमच्या दुकानात गेलो होतो. हे दुकान आमच्या वडिलांनी १९५२ मध्ये सुरू केले. मी एम.कॉम. करून बँकेत गेलो, दादा गादीवर बसले. आज त्यांचे वय एकाहत्तर आहे. थानाची घडी घालीत, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "त्याला एकदा विचारून ये." काय विचारायचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दोघांनाही ते ठाऊक होते. लंडनला पोहोचून नऊ दिवस झाले तरी तो प्रश्न माझ्या बॅगेतच होता.

पायी फिरण्याची ही कल्पना पुतण्याची. युरोपातील बहुतेक मोठ्या शहरांत अशा फेऱ्या निघतात. दहा-पंधरा माणसे ठरल्या वेळी एका जागी जमतात, त्या भागाचाच एखादा रहिवासी त्यांना घेऊन निघतो आणि शेवटी ज्याने त्याने यथाशक्ती मानधन द्यायचे. तारणाशिवाय दिलेले हे कर्ज वसूल कसे होत असेल, अशी शंका माझ्यातील बँकवाल्याला आली. ते होते. फेरी संपल्यावर एकही मनुष्य पैसे न देता सटकला नाही. आपले साधू-साध्वी आयुष्यभर पायी विहार करतात. गाव खऱ्या अर्थाने पायीच कळते हे आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. तरीही मी स्वतः सेवाग्रामला आलेल्या पाहुण्यांना नेहमी मोटारीतूनच नेत आलो आहे.

इलफर्डहून एलिझाबेथ मार्गिकेच्या गाडीने आम्ही व्हाइटचॅपल स्थानकावर उतरलो. तेथील पाटी इंग्रजीबरोबर बंगालीतही आहे. ती २०२२ मध्ये लावली गेली. दहा मिनिटे चालल्यावर अल्ताब अली पार्क लागते. तेथेच आमची मार्गदर्शिका उभी होती. वय पन्नाशीचे, डोक्यावर रुमाल, पायात मजबूत बूट. जन्म याच भागातील, आईवडील सिल्हेटचे. आम्ही महाराष्ट्राचे आहोत हे कळल्यावर, आपले वडील शिवणयंत्रावर काम करताना जुनी हिंदी गाणी गुणगुणत, असे तिने आवर्जून सांगितले.

ज्या बागेत आम्ही उभे होतो तेथे पूर्वी एक चर्च होते. मध्ययुगात त्याच्या भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या होत्या, म्हणून हा भाग 'व्हाइट चॅपल'. १९४० च्या डिसेंबरात जर्मन बाँबहल्ल्यात ते नष्ट झाले. ४ मे १९७८ रोजी, कपड्यांच्या कारखान्यात काम करणारा अल्ताब अली नावाचा पंचवीस वर्षांचा बंगाली तरुण कामावरून घरी परतत असताना जवळच्याच रस्त्यावर त्याचा खून झाला. कारण एवढेच की तो परदेशी दिसत होता. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. १९९८ मध्ये बागेला त्याचे नाव देण्यात आले. हे सांगताना मार्गदर्शिकेचा आवाज बदलला नाही. त्या वेळी ती शाळेतही जात नव्हती. पुढे कित्येक वर्षे आई तिला अंधार पडल्यावर बाहेर सोडत नसे, एवढे मात्र ती म्हणाली.

तेथून पश्चिमेकडे वेंटवर्थ रस्ता. कापडाच्या व्यापारातील वाचकांनी लंडनला गेल्यास ही गल्ली चुकवू नये. पेटिकोट लेन या नावाने प्रसिद्ध असलेला रविवारचा बाजार येथेच भरतो. विशेष म्हणजे सरकारी नकाशावर पेटिकोट लेन नावाचा रस्ताच नाही. सभ्य लोकांना ते नाव उच्चारण्याचा संकोच वाटू लागल्याने सुमारे १८३० मध्ये त्याचे मिडलसेक्स स्ट्रीट असे नामकरण झाले. लोक अजूनही जुनेच नाव घेतात. बाजार रविवारचा का, तर येथील ज्यू व्यापारी शनिवारी धर्मनियमाने दुकान उघडत नसत. बाकीचे शहर रविवारी बंद ठेवी, तेव्हा हे विक्रीस बसत. व्यापार आणि व्रत एकाच वेळी कसे सांभाळावे याचा अनुभव आपल्याही घराघरांत आहे.

आज या गल्लीत आफ्रिकी कापडाची दुकाने आहेत. काचेमागे थानेच्या थाने उभी केलेली, त्यांवर पक्षी, पंखे, चाके असे भडक रंगांचे मोठमोठे छाप. मूळ कला जावा बेटावरील बाटिकची. मेणाचा तो छाप यंत्रावर काढण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात हॉलंडच्या कारखानदारांनी साधली. माल जावात फारसा खपला नाही, पश्चिम आफ्रिकेत मात्र असा खपला की आज जग त्याला आफ्रिकी कापडच समजते. १८४६ मध्ये सुरू झालेला डच कारखाना अजूनही ते बनवितो. दुकानात एक नायजेरियन बाई मुलीच्या लग्नासाठी खरेदी करीत होत्या. विक्रेत्याने थान उलगडून फळीवर टाकले, बाईंनी कापडाची उलटी बाजू पाहिली, पोत चिमटीत धरून चोळला, नापसंतीने मान हलविली आणि दुसरे मागितले. मी क्षणभर हिंगणघाटलाच उभा होतो! कापड सहा यार्डांच्या तुकड्यात विकले जाते. भाव ऐकून सौभाग्यवतींनी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला, तरीही मोरपंखी रंगाचा एक तुकडा घेतला. रोख नोटा मात्र पुढील दोन ठिकाणी कोणी घेतल्या नाहीत. 'फक्त कार्ड' अशा पाट्या चहाच्या टपरीवरही आहेत. २०१५ पासून ब्रिटनमध्ये सहा हजारांहून अधिक बँक शाखा बंद झाल्या आहेत. काउंटरवर पस्तीस वर्षे घालविलेल्या माणसाला हा आकडा ऐकून काय वाटले असेल, ते सांगत बसत नाही.

ब्रुन रस्त्यावर लाल विटांची एक इमारत आहे. गरीब ज्यूंसाठी १९०२ मध्ये उघडलेले हे अन्नछत्र. दारावर ते नाव आणि इसवी सनाबरोबर ज्यूंचा संवत ५६६२ कोरलेला आहे. आत आता महागडी घरे आहेत. पुढे ओल्ड स्पिटलफील्ड्सचा मंडप लागतो. भाजी-फळांचा घाऊक बाजार येथून १९९१ मध्ये शहराबाहेर गेला, आणि आता दागिने, साबण व खाद्यपदार्थ विकले जातात. छान आहे, पण असे बाजार आता सगळीकडेच असतात.

खरा रस पुढच्या दोन गल्ल्यांत आहे. फूर्नियर रस्त्यावरील जुनी घरे पाहताना मार्गदर्शिकेने आम्हास दारांकडे न पाहता छपरांकडे पाहावयास सांगितले. सर्वांत वरच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद खिडक्या. हातमागावर भरपूर उजेड पडावा म्हणून त्या तशा बांधल्या. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा हजारो कुटुंबे पळून इंग्लंडला आली. त्यांना ह्यूगनॉट म्हणत. त्यांतील रेशीम विणणारे येथे स्थिरावले. १७७३ च्या कायद्याने त्यांची मजुरी ठरवून दिली होती. १८२४ मध्ये तो रद्द झाला, दोन वर्षांनी फ्रेंच रेशमाच्या आयातीवरील बंदीही उठली, आणि मागांचा आवाज थांबत गेला. पुढे रशियातील दंगलींमुळे १८८१ नंतर ज्यू आले, त्यांनी त्याच घरांत शिंपीकाम सुरू केले. त्यांची मुले शिकून उत्तरेकडील उपनगरांत गेली. मग सिल्हेटी आले. त्यांनी त्याच यंत्रांवर चामड्याची जाकिटे शिवली.

गल्लीच्या टोकाशी, ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर, एक साधी विटांची इमारत आहे. १७४३ मध्ये ती ह्यूगनॉटांचे प्रार्थनामंदिर म्हणून बांधली गेली. नंतर ती मेथडिस्ट ख्रिश्चनांकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून मशीद आहे. बाजूला पोलादाचा चकाकता मिनार अलीकडे उभारला आहे. भिंत तीच. वर उंचावर एक छायाघड्याळ आहे. त्यावर, आपण सावल्या आहोत अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द पहिल्या मालकांनी कोरले. पुढच्या कोणी ते पुसले नाहीत. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "ही तर अनित्य भावना झाली." मार्गदर्शिकेने अर्थ विचारला. बारा भावनांतील पहिली, हे इंग्रजीत सांगताना माझी बरीच तारांबळ उडाली.

ब्रिक लेन म्हणजे विटांची गल्ली. शेकडो वर्षांपूर्वी येथे विटा भाजत. आज दोन्ही बाजूंना भिंतभर चित्रे, जुन्या कपड्यांची दुकाने आणि 'करी'ची उपाहारगृहे. जुने कपडे किलोवर विकले जातात, तेही चांगल्या भावाने. आपल्याकडे त्यांवर भांडी देणाऱ्या बाईस हे कळले तर ती पुढील वेळी पातेल्याऐवजी चमचाच देईल. एका स्टॉलवर मी नव्या टी-शर्टची पट्टी उलटून पाहिली. बांगलादेशात तयार झालेला होता. "माझ्या वडिलांचे काम तेथे गेले," मार्गदर्शिका म्हणाली, "जेथून माझे वडील आले होते."

उपाहारगृहांचीही गत फारशी निराळी नाही. रनीमीड ट्रस्टच्या २०२० च्या अहवालानुसार पंधरा वर्षांत या गल्लीतील बांगलादेशी मालकीची उपाहारगृहे साठांवरून तेवीसवर आली. भाडी वाढली, मायदेशातून आचारी आणण्याचे नियम कडक झाले, आणि मुले या धंद्यात यावयास तयार नाहीत. आमच्या गटातील एका जर्मन गृहस्थांनी विचारले, "तुमच्या वडिलांच्या कारखान्याचे काय झाले?" तिने जे सांगितले ते शक्य तितके जसेच्या तसे देतो.

तिच्या वडिलांकडे आठ यंत्रे होती. काम कमी होत चार उरली, मग दोन. भाडेकरार दर वर्षी नवा करीत. दोन मुलगे, एक हिशेबनीस झाला, दुसरा शिक्षक. वडील वाट पाहत होते की मुले आपण होऊन बोलतील. मुले वाट पाहत होती की वडील विचारतील. अशी अकरा वर्षे गेली. साठविलेला सारा पैसा भाड्यात गेला. शेवटी वडिलांना पक्षाघात झाला, तेव्हा मुलांनी एका दुपारी कुलूप लावून किल्ल्या परत केल्या. "कोणी कोणाशी भांडले नाही," ती म्हणाली. "आमच्या घरात सगळे फार सभ्य आहेत." जर्मन गृहस्थ हसले. मला हसू आले नाही.

बँकेत असताना वर्धा जिल्ह्यातील अशी कितीतरी खाती माझ्या टेबलावरून गेली. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी. दुकानांचे कॅश क्रेडिट वर्षातून एकदा नूतनीकरणास येते. स्टॉक स्टेटमेंटमध्ये मालाचा आकडा तेवढाच, किंबहुना वाढलेला. विक्री मात्र उतरती. याचा अर्थ फळीवर न खपणारा माल साचतो आहे, आणि व्याज त्यावर चढते आहे. व्यवसाय पुढे कोण पाहणार, हाही एक मुद्दा टिपणात असे. तेथे मी लिहीत असे, 'मुलगा शिक्षण घेत आहे.' पाच वर्षांनी पुन्हा तेच लिहीत असे. मुलगा तोवर पुण्यात नोकरीस लागलेला असे. मालक समोर बसलेले असत. मला दिसत असे, त्यांनाही दिसत असे, आणि आम्ही दोघेही चहा घेत असू. दोन-तीन जणांना मी स्पष्ट सांगितले. त्यांनी वेळेवर माल काढून, कर्ज फेडून, जागा चांगल्या भाड्याने दिली. ते आजही रस्त्यात थांबून 'जय जिनेंद्र' म्हणतात. माझ्या सख्ख्या भावाला मात्र मी हे कधी बोललो नाही. त्यांचे खाते आमच्या बँकेत नाही, अशी सबब मी स्वतःस देत आलो.

गल्लीच्या उत्तर टोकास दिवसरात्र उघडे असणारे बीगलचे दुकान आहे. ज्यू गेले, त्यांचा हा कड्यासारखा पाव राहिला; आधी उकळत्या पाण्यात टाकून मग भाजतात. अंडे नाही ना, याची पुतण्याने दोनदा खात्री केली. फेरी तेथेच संपली. मार्गदर्शिकेस मानधन दिले, आणि आम्ही पदपथाच्या कडेला उभे राहून खाऊ लागलो. तेव्हा मी त्याला दादांचा निरोप सांगितला.

तो बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "काका, बाबांनी मला कधी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"नाही म्हणालो असतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी विचारलं नाही ना."

सूनबाई दुसरीकडे पाहत होत्या. पुढे कोठे जायचे, असे कोणीतरी विचारले. किंग्सली हॉल पाहावयाचा हे माझे आधीच ठरले होते. वर्ध्याच्या माणसाने तेथे न जाणे बरे दिसले नसते. आम्ही बसने पूर्वेकडील बो भागात गेलो. १९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी आलेल्या गांधीजींनी सरकारी व्यवस्था नाकारून या कामगार वस्तीत म्युरियल लेस्टर यांच्या आश्रमवजा संस्थेत मुक्काम केला. १२ सप्टेंबरला आले, ५ डिसेंबरला निघाले. गच्चीवरील लहानशा खोलीत राहत आणि पहाटे याच गल्ल्यांतून फिरावयास जात. त्यांच्या वाढदिवसास वस्तीतील बालवाडीच्या मुलांनी लोकरीची कुत्री, गुलाबी मेणबत्त्या, निळी पेन्सिल अशा भेटी पाठविल्या होत्या. त्याच सप्टेंबरात ते लँकेशायरमधील डार्वेनला जाऊन, विदेशी कापडावरील बहिष्कारामुळे ज्यांचे माग बंद पडले होते अशा कामगारांना समोरासमोर भेटले. त्यांच्या घरची चूल आपल्यामुळे विझली असे मानणारे लोक तेथे होते. तरी त्यांनी स्वागत केले. तीनच वर्षांनी गांधीजी वर्ध्यास आले, १९३६ मध्ये शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास गेले.

रविवार असल्याने हॉल बंद होता. विटांची तिमजली इमारत, भिंतीवर निळी गोल पाटी, समोर मुलांची सायकल पडलेली. एवढेच पाहिले. तीन वाजले होते. म्हणजे हिंगणघाटला साडेसात. दादा गल्ला मोजून, थाने आत घेण्याच्या बेतात असणार. पुतण्याने खिशातून मोबाइल काढला आणि कोणाशी काही न बोलता रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेला.

वीस मिनिटे तो तेथेच फेऱ्या घालीत होता. मध्ये एकदा कठड्यावर बसला, पुन्हा उठला. आम्ही तिघे गांधीजींच्या पाटीचे फोटो काढीत राहिलो. एका पाटीचे किती काढणार! परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मोबाइल माझ्या हाती देत म्हणाला, "बाबांना तुमच्याशी बोलायचंय."

दादांचा आवाज नेहमीचाच होता. "बोललो आम्ही," ते म्हणाले. "दिवाळीनंतर माल कमी करत आणतो. नोकराची पोरगी लग्नाची आहे, त्याचं आधी बघावं लागेल." मग थोडे थांबून, "तो सांगत होता, वहिनीनं आफ्रिकेचं कापड घेतलं म्हणे. पन्हा किती आहे?"

मी पिशवी उघडून पट्टी पाहिली. "शेहेचाळीस इंच, दादा. लांबी सहा यार्ड."

"मग सरळ साडीच आहे ती," दादा म्हणाले. "फॉल लावून घ्यायला सांग."